आजोबांचा बी-२७५ पुन्हा चालता करायचाय, सुरुवात कुठून करू?

कोरडवाहू (सांगोला)

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांचा महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. आजोबा गेले तेव्हापासून कुणी स्टार्ट केलेला नाही. भंगारवाले येतात, वजनाच्या हिशेबाने भाव करून जातात. वडील द्यायला तयार नाहीत आणि मीही नाही. याच ट्रॅक्टरवर आमची पहिली डाळिंबाची बाग उभी राहिलीय.

आजची अवस्था सांगतो. इंजिन जाम आहे, पंख्याला धरून जोर लावला तरी तसूभर हलत नाही. डिझेलच्या टाकीत तळाला काळा चिकट गाळ साठलाय. वायरिंग उंदरांनी खाल्लीय. मागच्या टायरांना भेगा आहेत आणि डाव्या रिमला व्हॉल्व्हपाशी गंजून भोक पडलंय. बॉनेट, ग्रील, मडगार्ड मात्र शाबूत. आरसी बुक सापडलं, पण ते आजोबांच्याच नावावर आहे.

माझ्याकडे वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, चेनपुली आणि पान्यांचा सेट आहे. पैसे एकदम घालता येणार नाहीत, टप्प्याटप्प्याने करेन. शोभेचा करून ठेवायचा नाही, बागेत ब्लोअर (औषध फवारणीचं यंत्र) आणि हलका कल्टिव्हेटर चालवायचाय. जमलं तर पॉवर स्टिअरिंग, एलईडी दिवे आणि छत करायचं मनात आहे. मित्र म्हणतो आधी रंग मार म्हणजे उत्साह येईल. तुम्ही काय म्हणता?

पानाहातोडी (इस्लामपूर)

रंग सगळ्यात शेवटी. आज रंग दिला तर उद्या डिझेल-ऑइल सांडून, पाने घसरून सगळा खराब होणार. आधी इंजिन, मग ब्रेक-स्टिअरिंग, मग हायड्रॉलिक, मग वायरिंग, आणि रंग त्याच्यानंतर. मी या गाड्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय. ही मशीन मनापासून करण्यासारखी आहे, सोडू नका.

इंजिन जाम आहे म्हणजे संपलं असं नाही. तुमचं इंजिन चार सिलिंडरचं बीडी-१४४. त्यातला १४४ चा आकडा घनइंचांचा, म्हणजे साधारण २.३६ लिटर. उभं राहून राहून रिंगा लायनरला गंजाने धरतात, किंवा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो. चारी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. प्रत्येक भोकातून इंजिन ऑइल आणि डिझेल अर्धं-अर्धं मिसळून ओता आणि आठवडाभर विसरून जा. अधूनमधून थोडं वाढवत राहा. मग स्टार्टर काढा आणि त्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दात्यांवर पट्टी लावून थोडं पुढे, थोडं मागे, असं हलवा. एका दिशेला ताकद लावून फिरवायचा मोह टाळा. केसभर हललं तरी समजा सुटलं, पुन्हा तेल घाला.

एक गोष्ट कधीच करू नका. दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून, गिअरमध्ये टाकून ओढू नका. गावात सगळे हाच सल्ला देतील. जाम इंजिन असं ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्च दुप्पट.

फिरायला लागलं की टॅपेट कव्हर (इंजिनच्या हेडवरचं झाकण) उघडा आणि हाताने फिरवत एकेक व्हॉल्व्ह बघा. वर-खाली होताना एखादा वरच राहिला नाही ना? अडकलेल्या व्हॉल्व्हवर पुशरॉड वाकतो. नोझल परत बसवण्याआधी चारी भोकांतलं उरलेलं तेल बाहेर पडू द्या. सिलिंडरमध्ये पातळ पदार्थ राहिला आणि स्टार्टर मारला तर रॉडच जातो.

आणि पाने इंची वापरा. या ट्रॅक्टरचं मूळ इंग्लंडमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, सगळे नटबोल्ट सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). साडेचार सुताच्या नटाला १५ चा पाना लावला की बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की कोपरे झिजवतो. गंजलेल्या नटाला दुसरी संधी मिळत नाही.

कोरडवाहू

काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. क्लचही बघावा लागेल, पेडल दाबून तसंच खाली राहतंय. त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो ना, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात ना? शेडच्या आढ्याला चेनपुली अडकवून होईल का?

पानाहातोडी

आढ्याला नको. शेडचा अँगल पत्र्याचं वजन पेलायला असतो, इंजिनचं नाही. जाड पाइपांची तिपाई करा, जमीन टणक हवी.

फोडण्यापूर्वी पुढच्या ॲक्सलकडे लक्ष द्या. हा ॲक्सल मधल्या पिनवर डावा-उजवा डुलतो. ट्रॅक्टर अख्खा असतो तोवर मागची चाकं त्याला तोलून धरतात. फोडला की पुढचा अर्धा भाग फक्त त्या पिनवर उरतो आणि कुठल्याही बाजूला कलंडतो. म्हणून ॲक्सल आणि वरच्या सपोर्टच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा घट्ट ठोका, मगच बोल्टला हात लावा. मागच्या भागाखाली सागाचे किंवा बाभळीचे ठोकळे, त्यावर जॅक. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. पेडल वर येत नसेल तर आधी शाफ्टचे बुश सोडवून, ग्रीस भरून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं आणि फोडायची वेळच येत नाही. फोडलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचा ऑइल सील एकदमच बदला.

ब्लोअर चालवणार म्हणालात म्हणून विचारतो, क्लच सिंगल आहे की डबल? सिंगल असेल तर क्लच दाबला की पीटीओपण (अवजाराला ताकद देणारा मागचा शाफ्ट) थांबतो. बागेत ओळीच्या टोकाला वळताना दरवेळी ब्लोअर बंद पडेल. हे आत्ताच बघून घ्या.

लालमाती_सावंतवाडी

रिमच्या भोकाबद्दल. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलं होतं का? बहुतेक असणार. व्हॉल्व्हपाशी गंज म्हणजे तीच खूण. भोकावर वरून पट्टी वेल्ड करून भागवू नका. टायर-ट्यूब पूर्ण काढल्याशिवाय रिमवर वेल्डिंग करायचंच नाही, आत हवा असताना तापवलेला टायर बॉम्बसारखा फुटतो. रिम आतून घासून बघा, पत्रा सगळीकडे पातळ झाला असेल तर जुन्या बाजारातून दुसरी रिम आणा. १२.४-२८ च्या रिमा मिळतात.

टाकीचंही तेच. डिझेलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आतल्या वाफेने पेट घेतो. रेडिएटर-टाकीवाल्याकडे द्या, तो आतून धुऊन मगच डाग मारेल. गाळ काढायला टाकीत मूठभर नट आणि थोडं डिझेल टाकून घोळवलं की तळ सुटतो. नट मोजून टाका, मोजून काढा.

फिरता_पंप (लातूर)

डिझेल पंप आणि नोझल घरी उघडू नका. तुमच्यावर लाइन पंप आहे की रोटरी ते बघा, पण कुठलाही असो, टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे न्या. उभ्या गाडीत पंपाचा प्लंजर किंवा रॅक अडकतो आणि ते बाहेरून दिसत नाही. कॅलिब्रेशन कंपनीच्या आकड्यालाच करायला सांगा. ‘पिकअप वाढवून देतो’ म्हणून डिझेल वाढवणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. काळा धूर, तापलेलं पाणी आणि शेवटी हेड क्रॅक, एवढंच हाती येतं. हे इंजिन ३५ हॉर्सपॉवरचं आहे आणि तेवढ्याला ते वर्षानुवर्षं साथ देतं.

हीटर प्लग एकेक काढून मीटरने तपासा. एकामागे एक असे सिरीजमध्ये जोडलेले असतील तर एक गेला की सगळे मेले. थंडीत स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांत निम्म्या वेळी दोष इथेच असतो आणि लोक पंपाला शिव्या देतात.

बाभूळकाठ (परभणी)

मी थोडा वेगळा आहे, मला सजवलेला ट्रॅक्टर आवडतो. पण एक नियम पाळतो: जे लावायचं ते मूळच्या बोल्टवर किंवा क्लॅम्पवर. चासी कापायची नाही, कास्टिंगला भोक पाडायचं नाही.

डायनामो काढून अल्टरनेटर जरूर बसवा. डायनामो कमी फेऱ्यांवर चार्जिंगच देत नाही, बागेत तर तुम्ही कायम कमी फेऱ्यांवरच असणार. त्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघा. इंग्लिश वळणाच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग सापडतं. तसं असेल तर पूर्ण वायरिंग निगेटिव्हला बदलून घ्या, नाहीतर अल्टरनेटर आणि एलईडी दोन्ही पहिल्या क्षणी जातील. वायरिंग सगळी नवीन, फ्यूज बॉक्ससकट. उंदरांनी खाल्लेली जुनी वायर टेप लावून वापरू नका.

पॉवर स्टिअरिंगची घाई नको. स्टिअरिंग जड लागण्याचं कारण बहुतेकदा पुढच्या टायरात हवा कमी आणि किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना) कोरडे हे असतं. किंगपिन, बुश, बॉल जॉइंट बदलून हवा बरोबर ठेवून चालवा. त्यानंतरही वाटलं तर वेगळा पंप असलेला किट आहे. झिजलेल्या बुशवर पॉवर स्टिअरिंग बसवलं तर ढिलाई तशीच राहते, फक्त हाताला कळेनाशी होते.

मागे ठरलेल्या मापापेक्षा मोठे टायर घालू नका. रुबाबदार दिसतात, पण सगळा ताण मागच्या गिअरांवर जातो. छत करताना खांब मडगार्डच्या पत्र्यावर न टेकवता ॲक्सलच्या घरावर घ्या. आणि असं छत ऊन-पावसापासून वाचवतं, गाडी उलटली तर वाचवत नाही, हे घरात चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

कचेरीवाट (पुणे)

कागदांचं कुणी बोललं नाही. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला नमुना ३१ लागतो. शेतीचा ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्ट गटात येतो, नोंदणी १५ वर्षांची, पुढचं नूतनीकरण नमुना २५ वर, पाच-पाच वर्षांचं. खर्च करण्याआधी चासी आणि इंजिनवरचे नंबर वायर ब्रशने साफ करून आरसीशी ताडून पाहा. नंबर साफ करताना ग्राइंडर अजिबात नको, खोडलेला नंबर पुढे फार महागात पडतो. दुसरं इंजिन टाकायचं ठरलं, किंवा लाल सोडून दुसरा रंग द्यायचा ठरला, तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ यासाठीच आहे.

कुणी ‘विंटेज नोंदणी करून घ्या’ म्हणालं तर ऐकू नका. २०२१ साली ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती सोय आली, पण ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकीपुरती आहे, ट्रॅक्टर त्यात नाही.

डोंकास्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो, धागा वाचून फार आनंद झाला. बी-२७५ मुळात याच डोंकास्टरच्या कारखान्यातला, इथे १९५८ पासून बनायचा. भारतात महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली कंपनी काढली आणि १९६५ पासून कांदिवलीत हाच ट्रॅक्टर बनू लागला. इथे जुन्या ट्रॅक्टरांचे मेळावे भरतात आणि बी-२७५ वर जीव टाकणारे लोक त्यात भेटतात. त्यामुळे गॅस्केट, सील, मीटर, बॅज असं बरंच इथे नवीन मिळतं. तरी आधी भारतातच शोधा. लुधियाना आणि दिल्लीचं काश्मिरी गेट इथे या मॉडेलचा माल भरपूर आहे आणि स्वस्त पडतो. मागवताना जुना भाग हातात घेऊन व्हर्निअरने मोजा, इंचात. भारतात पुढे मॉडेल बदलत गेलं, सगळेच भाग एकमेकांना लागत नाहीत.

जुनी अक्षरं आणि बॅज पॉलिशवाल्याकडे देऊ नका. साबणाच्या पाण्याने धुऊन ठेवा. आजोबांच्या हाताने झिजलेलं लिव्हरही नवं करू नका, एवढी माझी विनंती.

कोरडवाहू

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा फ्लायव्हील हललं! वडील शेजारी उभे होते, त्यांनी आईला हाक मारून बोलावलं. आता पूर्ण फेरा फिरतोय, व्हॉल्व्ह चारी सिलिंडरचे चालतायत. पंप आणि नोझल बेंचवर दिलेत. वारसनोंदीचे कागद तयार करतोय. रंग मूळचा लालच ठेवणार.

काका, पंप परत आला की पहिल्या स्टार्टला काय काळजी घेऊ?

पानाहातोडी

ऐकून बरं वाटलं. ऑइल, दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाका. ऑइल बाथ एअर क्लीनरची वाटी धुऊन खुणेपर्यंतच ऑइल भरा. रेडिएटरमध्ये साधं पाणी चालेल, कूलंट नंतर. हवा काढताना क्रम टाकीकडून पुढे: पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलचे नट ढिले करून. बुडबुडे थांबल्याशिवाय पुढच्या स्क्रूला जायचं नाही.

मग स्टॉपची (इंजिन बंद करायची) दोरी ओढून धरा आणि स्टार्टर मारा. इंजिन फिरेल पण पेटणार नाही. ऑइल मीटरचा काटा उठेपर्यंत असंच थोडं थोडं फिरवा. काटा उठला नाही तर थांबा, पेटवू नका.

आणि महत्त्वाचं. एअर क्लीनरचा पाइप मॅनिफोल्डपासून काढून ठेवा आणि तोंडावर पूर्ण बसेल अशी जाड सपाट फळी हातात घेऊन एक माणूस तिथे उभा करा. उभ्या गाडीत इंजिन सुसाट सुटण्याची शक्यता असते, तेव्हा स्टॉपची दोरी ओढूनही थांबत नाही. फळी दाबली, हवा तुटली की पाच-सात सेकंदात बंद पडतं. हात किंवा कापड लावायचं नाही, दोन्ही आत ओढले जातात. गिअर न्यूट्रल, चाकांना दगड, शेडचं दार उघडं, पोरंबाळं लांब. चाललं की पाच मिनिटं हलक्या फेऱ्यांवर ठेवा, कुठे गळतंय ते बघा आणि बंद करा. गार झाल्यावर हेडचे नट परत कसा, मगच दुसऱ्यांदा स्टार्ट करा.