स्तोत्र 119 : एकच गोष्ट 176 वेळा का?

नौपाड्याच्या बाई
31 वर्षं ठाण्यात मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर बायबल साहित्य म्हणून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि स्तोत्रसंहितेत 119व्या स्तोत्रापाशी अडकले. तब्बल 176 वचनं! नियमशास्त्र, आज्ञा, विधी, निर्बंध, तेच शब्द फिरून फिरून. आणि मधेच 105वं येतं : तुझं वचन माझ्या पावलांसाठी दिवा, वाटेसाठी उजेड. लाइट गेले की चाळीच्या जिन्यात आई माझ्या एक पायरी पुढे कंदील धरून उतरायची, तेच डोळ्यांपुढे उभं राहिलं. इतकं नेमकं लिहिणारा कवी बाकी ठिकाणी पाल्हाळ लावेल, हे मला पटत नाही. मराठीत काही हरवलंय का?

टेंभीनाका
बाई, हरवलंय, आणि फार मोठं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू (आजी सिनेगॉगला शेवटपर्यंत 'मशीद'च म्हणायची), त्यामुळे हे स्तोत्र हिब्रूत कानावर पडलेलं. हिब्रूची अक्षरं 22. प्रत्येक अक्षराला आठ वचनं, आठही त्याच अक्षराने सुरू. 22 आठे 176. तुमचं 105वं म्हणजे 'नून'चं, आपल्या 'न'चं पहिलं. 'नेर' म्हणजे दिवा. 106 'निश्बाती', मी शपथ वाहिली. 109 'नफ्शी', माझा जीव.

ऐरोलीकर
'पावलांसाठी दिवा, वाटेसाठी उजेड' ही जोडी मात्र मराठीतही शाबूत आहे, ते बघा. हिब्रू कवितेत यमकाला फारसं स्थान नाही, तिथे अर्थालाच अर्थ जुळवतात. इंग्रज अभ्यासक रॉबर्ट लाउथ यांनी ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत हे मांडलं, ती 1753 साली छापली गेली. अक्षर भाषांतरात गळून पडतं, अर्थाची जोडी टिकते. म्हणून दिवा तुमच्यापर्यंत पोचला, 'न' नाही पोचला.

टेंभीनाका
बाई, आता बायबलमधलंच विलापगीत काढा. यरुशलेम पडल्यावरचा शोक आहे. पहिले चार अध्याय असेच अक्षरांत बांधलेले. तिसऱ्यात तर एकेका अक्षराला तीन, म्हणून 66 वचनं. पाचव्यात वचनं 22च, पण अक्षरांचा क्रम नाही. तिशा बआवच्या, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवसाच्या, रात्री हे खाली जमिनीवर बसून वाचतात. पाचवा अध्याय आला की मला दरवर्षी वाटतं, रडता रडता माणसाची बाराखडीसुद्धा सुटली.

नौपाड्याच्या बाई
काल रात्री माझ्या प्रतीत दर आठ वचनांनंतर पेन्सिलीने रेघ मारली. मग 'नून'च्या ओळी मराठीत 'न'नेच सुरू करून बघितल्या. 105 : 'नंदादीप तुझं वचन माझ्या पावलांपुढे.' 106 : 'निश्चयाने शपथ वाहिली.' 107ला तासभर गेला, जमलं नाही. 109 मात्र आपसूक आलं : 'नित्य माझा जीव मुठीत.' टेंभीनाका, मूळातही जीव हातातच आहे का, की आपला वाक्प्रचार मीच त्यात घुसवला?

टेंभीनाका
हातातच आहे, बाई. 'नफ्शी वेखप्पी तामीद.' खप्पी म्हणजे माझा तळहात. आणि तामीद म्हणजे तुमचं 'नित्य'.