फांग-न्गाला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा
वर विचारलंय की थायलंडच्या फांग-न्गा उपसागरात कयाकिंग सकाळी करावं की दुपारी. माझं मत, आधी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघा, मग बाकीचा बेत आखा.

तिथल्या काही चुनखडीच्या बेटांच्या पोटात 'हाँग' आहेत: चहूबाजूंनी उंच कडे, वर उघडं आभाळ आणि मध्ये तळं. आत जायची वाट समुद्री गुहेतून. पाणी चढलं की गुहेचं तोंड बुजतं, फार उतरलं की कयाक चिखलात रुततो. मधल्या वेळेतच शिरता येतं, तेही काही ठिकाणी पाठीवर आडवं पडून, कारण छत अगदी नाकाशी येतं. (अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्तच चढतं-उतरतं, तेव्हा तारखा ठरवतानाच विचारून घ्या.)

आत पोचलात की वल्हं थांबवा. खारफुटीच्या मुळांशी चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) टुणटुण उड्या मारत असतात, त्या बघायला तरी हा खटाटोप कराच! खांबांवर वसलेलं पान्यी गाव दुपारी जेवायच्या वेळी पर्यटकांनी भरून जातं, ते मी धावतं बघेन.

नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, त्यामुळे एखादा दिवस हाताशी राखून ठेवा.