सायकलच्या सामूहिक फेऱ्या मार्च ते मे या काळात सकाळी नऊच्या आत संपवाव्यात का?

मुठाकाठ (मूळ लेखन)

रविवारी सकाळी सिंहगडाचा पायथा, पानशेत, बोपदेव घाट किंवा लोणावळा गाठणारे सायकलस्वारांचे गट पुण्यात आता सर्वांच्या ओळखीचे झाले आहेत. यांतील बरेच गट हिवाळ्यातले वेळापत्रकच उन्हाळ्यातही चालू ठेवतात, म्हणजे सहाला निघायचे, वाटेत चहा-पोह्यांसाठी थांबायचे आणि अकरा-साडेअकराला घरी परतायचे. माझे मत असे आहे की मार्च ते मे या तीन महिन्यांत प्रत्येक सामूहिक फेरी सकाळी नऊच्या आत संपली पाहिजे आणि हा नियम गटाने आधीच ठरवून ठेवला पाहिजे. तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडू नये, कारण गटात असताना ‘मला त्रास होतो आहे’ असे म्हणण्याचा संकोच माणसाला धोक्यापर्यंत नेतो.

सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी साधारण 20 ते 25 टक्केच पेडलपर्यंत पोहोचते आणि उरलेली उष्णता होऊन शरीरात राहते. पेडलवर 100 वॉट पडत असतील, तर शरीराला त्याच वेळी 300 ते 400 वॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटर वेगाने जाताना अंगावर येणारा वारा घाम वाळवतो, म्हणून हे काम निभावते. बोपदेव घाटात किंवा सिंहगडाच्या चढावर मात्र वेग आठ-नऊपर्यंत उतरतो, जोर सर्वांत जास्त लागतो आणि वारा नेमका तेव्हाच नाहीसा होतो. आपले बहुतेक आवडते मार्ग घाटाचे आहेत, ही पुण्याची खरी अडचण आहे.

त्यात आपण मोबाइलवर जो आकडा पाहतो तो सावलीतल्या हवेचा असतो, डांबरावर तापलेल्या हवेचा नव्हे. शिवाय पुणे म्हणजे एक आकडा नाही. एकाच दिवशी कोरेगाव पार्क आणि पाषाण यांच्या तापमानांत काही अंशांचा फरक सहज दिसतो, आणि शहराच्या पूर्वेकडच्या दाट वस्तीत रात्रही पूर्वीसारखी थंड होत नाही. रात्रभर उकाड्यात तळमळलेले शरीर पहाटे सायकलवर बसते तेव्हा ते आधीच थकलेले असते. आपली मते अवश्य मांडावीत, विशेषतः ज्यांनी दुसऱ्या प्रदेशांत सायकल चालवली आहे त्यांनी.

वऱ्हाडी सायकलस्वार

मी मूळचा नागपूरचा असून नोकरीनिमित्त बऱ्याच वर्षांपासून पुण्यात आहे. आपल्या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि तरीही तिथली माणसे सायकल चालवतात, कारण त्यांच्या शरीराने उन्हाशी जुळवून घेतलेले असते. रोज थोडा वेळ उष्णतेत व्यायाम केला, तर साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. हे क्रीडाशास्त्रात सर्वमान्य आहे. तीन महिने नऊच्या आत घरी परतणाऱ्या माणसाला ही सवय कधीच लागणार नाही आणि एखाद्या दिवशी पंक्चरमुळे अकरा वाजले, तर तोच सर्वांत आधी आडवा होईल.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेतली ‘रॅम’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. ती जूनमध्ये होते आणि तिच्या मार्गात वाळवंट आहे. विदर्भाच्या माणसाला उन्हाचे भय दाखवून घरी बसवले असते, तर हे घडले नसते. शिवाय पुणे आत्ताच तापू लागले असे म्हणणेही अपुरे आहे. शिवाजीनगरचा 43.3 अंशांचा उच्चांक 1897 सालचा आहे.

मुठाकाठ

1897 चा उच्चांक मला मान्य आहे, पण एका दिवसाच्या उच्चांकावरून रोजच्या उन्हाळ्याचा निवाडा करता येत नाही. त्या काळी रात्री वाडे आणि झाडी थंड होत असत. आज काँक्रीट आणि डांबर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत राहतात. सवयीचा मुद्दा बरोबर आहे, परंतु ती सवय रोज उन्हात असणाऱ्याला लागते. आठवडाभर वातानुकूलित कार्यालयात बसून रविवारी सिंहगड चढणाऱ्याला ती लागलेली नसते, आणि उन्हात जाणे थांबले की दोन ते चार आठवड्यांत ती बरीचशी निघूनही जाते. पुण्यातील गटांमध्ये अशाच माणसांचा भरणा आहे.

गुहागरकर

वरील दोन्ही प्रतिसाद पाऱ्याभोवती फिरत आहेत आणि कोकणातल्या माणसाला तेच खटकते. हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करताना मैदानी भागासाठी निदान 40 अंश, किनारपट्टीसाठी 37 आणि डोंगराळ भागासाठी 30 अंश हा उंबरठा धरते. अर्थात एकच आकडा सगळीकडे चालत नाही, हे खात्यालाही मान्य आहे.

नागपुरात 44 अंश आणि आर्द्रता 12 टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक साधारण 22 अंश दाखवील. रत्नागिरीत 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर तोच तापमापक 28 अंशांच्या वर जाईल. घामाने शरीर किती गार होऊ शकते याची मर्यादा हा दुसरा आकडा सांगतो. आमच्याकडे घाम वाळत नाही, तो कोपरावरून हँडलवर नुसता ठिबकत राहतो आणि त्याने अंग गार होत नाही. यूसीआय या जागतिक सायकलिंग महासंघाने अलीकडे शर्यतींसाठी उष्णतेचे जे नियम केले, त्यांत म्हणूनच ओल्या तापमापकाला 70 टक्के, काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला, म्हणजे उन्हाच्या झळीला, 20 टक्के आणि नुसत्या हवेच्या तापमानाला अवघे 10 टक्के वजन दिले आहे. हा एकत्रित आकडा 28 अंशांवर गेला की सर्वांत वरचा, लाल टप्पा सुरू होतो.

पुण्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की एप्रिलमधली कोरडी दुपार ज्यांना सोसते, त्यांनाच मेअखेरीस ढगाळ, दमट सकाळ जड जाते. 2025 मध्ये मान्सून 26 मे रोजीच पुण्यात आला आणि त्याआधीही महिनाभर वळवाचे पाऊस झाले. तेव्हा पारा खाली होता, तरी चढावर श्वास लागत होता. घड्याळाचा नियम अशा वेळी काही कामाचा नाही.

वऱ्हाडी सायकलस्वार

गुहागरकरांचे गणित बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देऊ लागतो आणि सगळा भार घामावर पडतो. कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर वाळतो की तो येतो आहे हे कळतच नाही आणि तासाला लिटरभर पाणी गेले तरी माणूस स्वतःला कोरडा समजतो. विदर्भात सायकलस्वार फसतो तो पाण्याच्या हिशोबात. म्हणून आम्ही लहानपणापासून डोके आणि कान रुमालाने बांधून, पाणी पिऊन आणि मीठ-साखरेची सोय करून निघायला शिकतो. हे शिक्षण उन्हात मिळते, ते नऊ वाजता घरी पाठवून मिळत नाही.

पहिली पाळी

मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात काम करतो आणि रोज सायकलने जातो. पहिल्या पाळीला जाताना अंधार असतो आणि दुपारी तीननंतर सुटतो तेव्हा रस्ता सर्वांत तापलेला असतो. वर्तमानपत्रे टाकणारी मुले, इमारतींचे पहारेकरी, बांधकामावरचे मजूर हे सगळे सायकलवर असतात आणि त्यांच्यापैकी कोणालाही नऊच्या आत घरी परतण्याचा पर्याय नाही. या चर्चेत आतापर्यंत त्यांचा उल्लेखही आला नाही, याचे मला वाईट वाटते.

आमच्यासाठी प्रश्न सावलीचा आहे. प्रभात रस्त्यावर किंवा विधी महाविद्यालय रस्त्यावर दुपारी सायकल चालवता येते, कारण डोक्यावर झाडे आहेत. रुंदीकरणात दोन्ही बाजूंची जुनी झाडे गेलेल्या रस्त्यावर त्याच वेळी सिग्नलला मिनिटभर उभे राहणेही कठीण होते. हवेचे तापमान दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असेल, पण गुहागरकरांनी सांगितलेली काळ्या गोळ्याची झळ सावलीत कितीतरी कमी होते. महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात शेकडो किलोमीटरच्या सायकल मार्गांचा विचार होता. मार्ग आखताना रुंदी आणि रंग यांच्याइतकीच झाडांची रांगही मोजली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. फिनलंडमधल्या ओउलु शहरात कडक हिवाळ्यात लोक सायकल चालवतात, कारण तिथे सायकलचे मार्ग बर्फातही वापरण्याजोगे ठेवले जातात. थंडीसाठी त्यांनी जे केले, ते उन्हासाठी आपण का करू नये?

घाटमाथा

ओउलुचे उदाहरण मला पूर्ण पटत नाही. थंडीत अंगावर आणखी एक कपडा चढवता येतो. उन्हात कपडा कमी करण्याला त्वचेपाशी मर्यादा येते. दोन्ही हवामानांचा विचार एकाच पद्धतीने करणे धोक्याचे आहे.

मला दुसरीच बाजू मांडायची आहे. पहाटे लवकर निघा, हा सल्ला सर्वजण देतात, पण पुण्यात तो बारमाही योग्य नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच कोंडून राहतात. नदीकाठच्या सखल भागांत हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते. जोरात पेडल मारणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी पट अधिक हवा आत घेतो. डिसेंबर-जानेवारीत ऊन थोडे वर आल्यावर निघणे फुप्फुसांसाठी बरे, आणि उन्हाळ्यात उलट. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ ही यंत्रणा पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत उभी राहिली आहे. तिचा आकडा आपण तापमानाइतक्याच नेमाने पाहिला पाहिजे.

पावसाचेही तसेच आहे. शिवाजीनगरला वर्षभरात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत एका दिवसात 550 मिलिमीटरहून अधिक पडला. शहरातली रिमझिम पाहून ताम्हिणीकडे निघालेल्याला पुढे काय आहे याची कल्पना येत नाही. तीन महिन्यांचा नियम करताना उरलेले नऊ महिने सुरक्षित आहेत असा समज पसरू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

मुठाकाठ

पहिली पाळी यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोकरीसाठी सायकल चालवणाऱ्याला वेळेचा नियम लावणे अन्यायाचे आहे आणि माझा प्रस्ताव हौसेच्या सामूहिक फेऱ्यांपुरताच आहे. पण जिथे वेळ निवडण्याची मोकळीक आहे तिथे ती न वापरणे मला समर्थनीय वाटत नाही. व्यावसायिक शर्यतींचे आयोजकही आता ही मोकळीक वापरतात. ऑस्ट्रेलियातील टूर डाउन अंडरचे टप्पे 2019 मध्ये उष्णतेमुळे छोटे केले गेले, आणि तिथले स्पर्धक तर वर्षभर सराव करणारे असतात. पुण्यात जानेवारी 2026 मध्ये 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली. ती एप्रिलमध्ये ठेवण्याचा विचार कोणी केला असता का?

समर्थ यांच्या उदाहरणाबद्दल एवढेच म्हणेन की त्यांच्यासोबत सहायकांचे पथक, गाडी, बर्फ आणि पाणी होते. आपल्या रविवारच्या फेरीत मागे पडलेला नवखा सायकलस्वार घाटाच्या वळणावर एकटा असतो. तो असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी आधी त्याला सावलीत घेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतायचे असते आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची असते. हे किती गटप्रमुखांना ठाऊक आहे?

गुहागरकरांच्या आक्षेपामुळे मी प्रस्तावात एक भर घालतो. आदल्या रात्री आर्द्रतेचा अंदाज पाहावा आणि हवा दमट असेल, तर नऊची वेळ कायम ठेवून घाटाऐवजी सपाट मार्ग निवडावा.

गुहागरकर

ही भर घातल्यावर माझा विरोध उरत नाही. सपाट मार्ग म्हणून नगर रस्ता किंवा सोलापूर रस्ता मात्र सुचवू नये. तिथे सावली नाही आणि अवजड वाहने आहेत. थेऊरकडच्या आतल्या रस्त्यांवर उसाच्या मळ्यांतली हवा दमट असते, तेही ध्यानात घ्यावे.

वऱ्हाडी सायकलस्वार

माझा विरोध कायम आहे. नऊच्या नियमाऐवजी गटाने मार्चच्या सुरुवातीपासून दोन आठवडे, आठवड्यातले निदान चार-पाच दिवस, तासाभराची छोटी फेरी सकाळी आठ ते नऊच्या उन्हात करावी आणि मगच लांबच्या फेऱ्या आखाव्यात. उष्माघाताची लक्षणे ओळखण्याचे आणि गार पाणी ओतण्याचे शिक्षण प्रत्येक गटप्रमुखाला असावे, या मुद्द्यावर मात्र मी मुठाकाठ यांच्यासोबत आहे. पहिली पाळी यांनी दुपारी सुटल्यावरचा आपला रस्ता कोणता ते लिहिले, तर त्यावर सावलीचे आणि पाण्याचे ठिकाण कुठे आहे याची यादी आपण सर्व मिळून याच धाग्यावर करू शकतो.

पहिली पाळी

भोसरीहून नाशिक फाटा, दापोडीचा पूल आणि पुढे खडकी. दापोडीपर्यंत सावली जवळजवळ नाही. खडकी छावणीच्या हद्दीत झाडे सुरू होतात आणि तिथून पुढे जरा बरे वाटते. पाण्यासाठी मी नाशिक फाट्याच्या अलीकडे एका रसवंतीवर थांबतो. तिथला मालक सायकलवाल्यांची बाटली विनामूल्य भरून देतो.