मदत हवी आहे: घरच्या ७३७ कॉकपिटची पॅनल लाइट डिम होत नाहीये

ओव्हरहेड_नाशिक
नमस्कार मंडळी, चार दिवस एकाच जागी अडकलोय. शनिवारी बाबा येतायत, त्याआधी हे चालायलाच हवंय म्हणून धागा काढतोय. बेडरूमच्या कोपऱ्यात फ्लाइट सिम्युलेटरसाठी बोइंग ७३७ विमानाचा कॉकपिट बनवतोय, १२ एमएम प्लायचा सांगाडा आहे, ओव्हरहेड (डोक्यावरचं) आणि मेन पॅनल तयार झालेत. ३ एमएमचं दुधी अ‍ॅक्रिलिक, वर ग्रे स्प्रे, लेझरवाल्याकडून अक्षरं कोरून घेतली आणि मागून एलईडी स्ट्रिप चिकटवली. अक्षरं मस्त उजळतात. पण डिमर वैताग देतोय. नॉब फिरवला की अर्ध्यापर्यंत पूर्ण अंधार आणि मग एकदम फुल उजेड, मधलं काही नाहीच. स्ट्रिपचा करंट सोडणारा ट्रान्झिस्टर, मॉसफेट, इतका तापतो की बोट ठेववत नाही. वर ओव्हरहेडच्या शेवटच्या ओळीतली अक्षरं पहिल्या ओळीपेक्षा फिकी दिसतात. कंट्रोलरमधला कोड बरोबर आहे, तीनदा तपासला. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सोल्डरकाका
स्ट्रिप कुठली, किती व्होल्टची, किती मीटर? अडॅप्टर किती अँपिअरचा? मॉसफेटचा नंबर काय? कंट्रोलर कोणता? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग आम्ही सांगणार काय?

ओव्हरहेड_नाशिक
स्ट्रिप १२ व्होल्ट वॉर्म व्हाइट, चारेक मीटर लागली. अडॅप्टर ५ अँपिअर. कंट्रोलर अर्डुइनो मेगा. मॉसफेट दुकानात मागितला तो दिला.

पीओपी_वाले_सुनीलभाऊ
अहो एवढं कशाला करताय, आमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगला आम्ही साधा पंख्याचा रेग्युलेटर लावलाय, मस्त कमी-जास्त होतं. अडॅप्टरच्या आधी बोर्डातच बसवा.

सोल्डरकाका
सुनीलभाऊ, तुमच्या सीलिंगला डिमेबल ड्रायव्हर, म्हणजे उजेड कमी होऊ देणारा अडॅप्टर असणार. साध्या अडॅप्टरच्या मागे रेग्युलेटर लावू नका हो. बहुतेक अडॅप्टर ९० पासून २६४ व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर १२ च देतात, त्यामुळे उजेड कमी होतच नाही. शिवाय रेग्युलेटर वेव्हचा तुकडा कापतो, आतल्या कपॅसिटरला दर सायकलला धक्का बसतो, काही दिवसांत अडॅप्टर जातो. प्लायच्या बंद खोक्यात हे अजिबात नको.

रेडिओवाला_१९७८
मी तर सरळ व्होल्ट कमी-जास्त करणारा एलएम ३१७ लावला असता. एक आयसी, एक पॉट (नॉबचा रेझिस्टर), दोन रेझिस्टर. कोड नाही, कॉम्प्युटर नाही. आमच्या काळी सगळं यावरच चालायचं आणि अजून चालतंय.

बेंच_पॉवर
काका, एलएम ३१७ दीड अँपिअरचा. ह्यांची स्ट्रिप ५०५० (मोठ्या एलईडीची) असेल, मीटरला ६० एलईडीवाली, तर मीटरला १.२ अँपिअर धरा, चार मीटरचे ४.८ झाले. आणि १२ व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन-तीन एलईडी सिरीजमध्ये असतात, साडेसात-आठ व्होल्टच्या खाली त्या पेटतच नाहीत. म्हणजे पॉटचा निम्मा फेरा वाया. उरलेले व्होल्ट आयसीत उष्णता होऊन जातात ते वेगळंच.

रेडिओवाला_१९७८
जास्त करंट वाहणारा पास ट्रान्झिस्टर सोबत लावला की अँपिअरचा प्रश्न सुटतो. आणि पीडब्ल्यूएमची, म्हणजे भराभर चालू-बंद करून कमी-जास्त केलेली लाइट मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे मारते, ते कोणी सांगत नाही.

बेंच_पॉवर
पट्टे मारते, मान्य आहे. पण ह्यांना कॉकपिटमध्ये बसून उडवायचंय. पास ट्रान्झिस्टर लावला तर त्याला हाताएवढा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागेल, पॅनलच्या मागे तेवढी जागा तरी आहे का?

ओव्हरहेड_नाशिक
मंडळी, मला शनिवारच्या आत हवंय. हो, ५०५० आहे. मॉसफेटवर आयआरएफझेड ४४ एन लिहिलंय, भिंग लावून वाचलं.

सोल्डरकाका
तापण्याचं कारण सापडलं. हा मॉसफेट गेटवर, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या पायावर, १० व्होल्ट मिळाले की पूर्ण उघडतो. मेगा देतो ५. अर्धवट उघड्या नळासारखं होतं, पाणी जातं पण नळच थरथरतो. आयआरएलझेड ४४ एन आणा, मधलं अक्षर एफ नाही, एल. तो लॉजिक लेव्हल आहे, म्हणजे ५ व्होल्टलाच उघडतो, तेव्हा त्याचा रेझिस्टन्स साधारण २५ मिलिओहम, म्हणजे ४.८ अँपिअरला अर्ध्या वॉटच्या आसपास उष्णता, नुसता कोमट राहील. पिन आणि गेटच्या मधे २२० ओहमचा रेझिस्टर लावा. गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा लावा, नाहीतर मेगा चालू होईपर्यंत गेट लोंबकळत राहतो आणि स्ट्रिप मधेच पेटते. अडॅप्टरची मायनस आणि मेगाचं ग्राउंड एकत्र जोडलंय ना?

ओव्हरहेड_नाशिक
ग्राउंड एकत्र आहे. पण नॉबच्या अर्ध्यापर्यंत अंधार, ते का? मॉसफेट बदलून ते जाईल?

चाळीसगाव_एव्हिएटर
दादा, सिम्युलेटर कुठला वापरता, मायक्रोसॉफ्टचा की एक्स-प्लेन? माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, त्याला पायलट व्हायचंय. घरच्या सिम्युलेटरवरचे तास सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सला) धरतात का?

वैमानिका_पुणे
चाळीसगावकर, नाही धरत. सीपीएलसाठी २०० तास खऱ्या विमानातलेच लागतात आणि बारावीला फिजिक्स, मॅथ्स हवं. पण चेकलिस्टची सवय आणि स्विचपर्यंत हात न बघता जाणं, हे घरच्या कॉकपिटमध्ये फार छान जमतं, मुलाला नक्की बसवा. जास्त माहिती हवी असेल तर वेगळा धागा काढा.
नाशिककर, तुमचा नॉब मेगाच्या कुठल्या पिनवर काम करतोय? म्हणजे मॉसफेटच्या गेटला जाणारी वायर कुठल्या पिनमधून निघते?

ओव्हरहेड_नाशिक
३० नंबरमधून. जवळ पडत होती म्हणून. पिनने काय फरक पडतो? अ‍ॅनालॉगराइट, म्हणजे पिनला आकडा देणारी कोडमधली आज्ञा, सगळीकडे चालते की.

वैमानिका_पुणे
तिथेच अडलंय. मेगावर पीडब्ल्यूएम फक्त २ ते १३ आणि ४४ ते ४६ या पिनांवर आहे. बाकी कुठल्याही पिनवर अ‍ॅनालॉगराइट केलं की तो १२८ च्या खालचा आकडा बंद समजतो आणि त्याच्या वरचा चालू. तुमचा अर्धा अंधार आणि एकदम उजेड म्हणजे हुबेहूब हेच. बाकी कोड तुमचा बरोबरच आहे, वायर ९ वर घ्या आणि कोडमध्येही पिन ९ करा.

सोल्डरकाका
बरोबर! पिन पहिल्यांदाच विचारायला हवी होती, माझी चूक.

बेंच_पॉवर
शेवटची ओळ फिकी पडते त्याचं कारण वेगळं आहे. स्ट्रिपमधली तांब्याची पट्टी पातळ असते, चार मीटर एका टोकाने भरलं की शेवटापर्यंत व्होल्ट पडतात. दुसऱ्या टोकालाही जाड वायरने प्लस आणि मायनस द्या, किंवा तीन एलईडीनंतरच्या खुणेवर कापून तुकडे पॅरलल जोडा. आणि ५ च्या अडॅप्टरवर ४.८ चा भार चढवू नका, फुलवर कधी नेऊ नका किंवा मोठा अडॅप्टर घ्या. खरं तर अक्षरं उजळायला छोट्या एलईडीची ३५२८ स्ट्रिप पुरली असती, मीटरला ०.४ अँपिअर.

रंगसंगती
माझं मत विचारलेलं नाही, तरी सांगते. लाल लाइट लावा. रात्री डोळे अंधाराला सरावलेले राहतात, जुन्या विमानांत लालच असायची.

वैमानिका_पुणे
लालमागचं कारण खरं आहे, डोळ्यातल्या अंधारात बघणाऱ्या पेशी लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत. पण त्या उजेडात नकाशावरच्या लाल रेषा गायब होतात. ७३७ चे पॅनल पांढरट-पिवळसरच हवेत, ह्यांनी वॉर्म व्हाइट घेतलंय ते योग्य आहे. खऱ्या पॅनलमधले फिलामेंटचे दिवे कमी केले की आणखी पिवळे पडायचे, एलईडी तशी पडत नाही, तेवढा फरक राहणारच.

मामाचा_भाचा
नाशिकचे म्हणून विचारतो, बाबा एचएएलच्या ओझरच्या विमान कारखान्यात होते का? माझे मामा तिथे मिग-२७ च्या लाइनवर होते.

ओव्हरहेड_नाशिक
हो, बाबा ओझरलाच फिटर होते, आधी मिग-२१, शेवटची वर्षं सुखोई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉकपिटमध्ये स्क्रू आवळले, उडवायला कधी बसले नाहीत. शनिवारी रात्रीची वेळ लावून त्यांना ओझरच्याच धावपट्टीवर उतरवायचंय, म्हणून ही घाई होती. आधी सांगितलं नाही, वाटलं लाइटच्या प्रश्नात त्याचं काय काम.

ओव्हरहेड_नाशिक
अपडेट. वायर ९ वर घेतली, नॉब पहिल्या फेऱ्यापासून चालायला लागला! मॉसफेट मेन रोडच्या पलीकडच्या दुकानात मिळाला, आता नुसता कोमट. दुसऱ्या टोकाला वायर दिली, शेवटच्या ओळीतलं अक्षरही पहिल्याइतकंच उजळ. रात्री खोलीतले दिवे बंद करून नॉब हळूहळू वर नेला, कोपऱ्यातून ग्रे रंगाच्या मागून थोडा उजेड गळतोय तेही दिसलं, उद्या मागून काळा थर देतो. अजून एकच. अगदी तळाशी नॉब थोडा हलवला तरी उजेड उडी मारतो, मध्यानंतर मात्र फिरवूनही फरक जाणवत नाही.

सोल्डरकाका
काळा थर मागून दिला तर स्ट्रिपचा उजेडच अडेल, तो ग्रेच्या खाली, समोरच्या बाजूला हवा होता. आता फक्त गळतंय त्या कडांना मागून काळी टेप लावा.
उडीचं म्हणाल तर डोळ्याला उजेड सरळ रेषेत जाणवत नाही. ० ते २५५ चा आकडा स्वतःशीच गुणून २५५ ने भागा आणि मग पिनला द्या. पाव फेऱ्याला ६४ ऐवजी १६ जातील. गुणताना व्हेरिएबल लाँग (मोठा आकडा मावणारा प्रकार) ठेवा, साध्या इंटमध्ये आकडा मावणार नाही आणि लाइट मधेच विचित्र वागेल. बाबांना नमस्कार सांगा, आणि लँडिंग झालं की ओव्हरहेडचा फोटो टाका, अंधारातला.