७ खरे की ४?

सांजवेळ
मागच्या महिन्यात ऑफिसच्या आरोग्य तपासणीत एक प्रश्न होता. समजा शिडी आहे, तळाला ०, टोकाला १०. १० म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य. तुम्ही कितव्या पायरीवर? मी फारसा विचार न करता ७ लिहून मोकळी झाले. मग चाळा म्हणून दोन आठवडे मोबाइलवर दिवसातून चारदा गजर लावला. वाजला की त्या क्षणी कसं वाटतंय, त्याचा आकडा टिपायचा. सरासरी ४.६! बहुतेक वेळा मी कुणाच्या तरी मेलला दातओठ खात उत्तर देत होते. नवरा म्हणतो, गजरानेच तुझा मूड जातो. थट्टा सोडा, मी सुखी आहे की नाही?

आडवाट
दोन्ही आकडे खरे, प्रश्नच वेगळे. ती शिडी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिलची, १९६५ ची. देशांच्या आनंदाची क्रमवारी लावतात तीही तिच्यावरच. तिथे आपण आयुष्य तोलतो, गजर क्षण पकडतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग बघा. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात. एकदा तेवढंच, वर आणखी ३० सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर. पुन्हा कोणतं कराल, म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं! त्रास जास्त, पण शेवट जरा बरा. म्हणजे मागे वळून केलेला हिशेब क्षणांच्या बेरजेशी जुळतोच असं नाही.

खडूस
७ वरही फार विसंबू नका. त्याच्या आधी काय विचारलं होतं? १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना आधी प्रेमप्रकरणांबद्दल आणि मग आयुष्याबद्दल विचारलं, तर दोन्ही उत्तरं एकमेकांना चिकटली. क्रम उलटा केल्यावर संबंध जवळपास दिसेना. (नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच कमी भरला, तेही सांगून ठेवतो.)

सांजवेळ
आधीचा प्रश्न आठवला: "अडचणीत हक्काने हाक मारावी असं कुणी आहे का?" मी "हो" लिहिलं होतं. म्हणजे ७ मधला एखादा गुण नवऱ्याचा, त्याला सांगणार नाही.
आत्ता यादी पुन्हा चाळली. एका बुधवारी रात्री ११ ला २ आहेत. लेकाचा ताप उतरत नव्हता. पण त्या रात्रीचं मला आठवतं ते पहाटेचं. कपाळ गार लागलं, त्याने पाणी मागितलं आणि माझा हात उशाशी घेऊन परत झोपला. तेव्हा गजर नव्हता.