फुटकळ माहितीची गोडी

मोबाईलवर सगळं मिळतं, मग फुटकळ माहिती डोक्यात कशाला साठवायची, असं कुणी म्हणालं की मला ते अजिबात पटत नाही. मोबाईल विचारलेल्याचं उत्तर देतो, पण विचारावंसं तर वाटलं पाहिजे ना!

आमच्या बेळगावचंच बघा. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, तेही इथे, १९२४च्या अधिवेशनात. पाण्यासाठी तेव्हा खणलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. भाच्याला हे सांगितलं, तर पठ्ठ्याने गाडी थांबवायला लावली, कठड्याशी जाऊन विहीर बघितली आणि मगच पुढे आला. वर विचारतो, "मामा, पाणी कशाने काढत असतील?" त्याच अधिवेशनात लहानग्या गंगूबाई हनगल गायल्या होत्या, आणि त्याच वर्षी जवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. एका धाग्याला दुसरा असा आपोआप लागत जातो आणि सालं पाठ करावी लागत नाहीत.

शिवाय अनोळखी माणसाशी बोलायला विषय मिळतो, मग तो मराठी असो की कानडी. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताला दगडात कोरलेलं कमळ आहे, एवढं नुसतं म्हणून बघा. शेजारचा माणूस आणखी दोन गोष्टी सांगतोच. तुमच्या गावची अशी माहिती लिहा ना इथे, मला खरंच वाचायची आहे.