मदत हवी आहे: सिडनीत डेकसाठी स्पॉटेड गम की ब्लॅकबट? (आणि देवघराचं लाकूड)

नमस्कार मंडळी,

ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी घर आहे, मागच्या दारी डेक (उघडा लाकडी ओटा) करायचाय. वणव्याच्या धोक्याचं रेटिंग बीएएल-२९, म्हणजे वाटेल ते लाकूड चालत नाही. नियमात सात जातीच आहेत: स्पॉटेड गम, ब्लॅकबट, रेड आयर्नबार्क, रिव्हर रेड गम, सिल्व्हरटॉप अ‍ॅश, टर्पेंटाइन आणि मरबाऊ. मरबाऊ बहुतेक बाहेरून येतं, म्हणून ते नको. बाकीच्यांतून दोन नमुने आणलेत. स्पॉटेड गमच्या रेषा लाटांसारख्या, रंग फिकट तपकिरीपासून पार चॉकलेटीपर्यंत. ब्लॅकबट एकसारखा फिकट पिवळसर.

बाबा देशातून आलेत, त्यांचं पालुपद एकच: "सागवान का नाही?"

माझे प्रश्न: स्पॉटेड गमच्या पांढुरक्या कडांना कीड लागते म्हणतात, खरं का? पावसात लाकडाचा रंग सुटून खालचं काँक्रीट डागाळतं का? आणि आईसाठी छोटं देवघर करायचंय, तेही इथल्याच लाकडाचं. काय घेऊ?

रंधा_पटाशी:
बाबांना एकेक तुकडा हातात द्या. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो, स्पॉटेड गम हजाराच्या आसपास. आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही. जमिनीला न टेकता उघड्यावर टिकण्यात स्पॉटेड गम आणि ब्लॅकबट दोन्ही पहिल्या वर्गात, तेव्हा रंग आवडेल ते घ्या.

कीड लागते ती फक्त पांढऱ्या भागाला, लायक्टस नावाचा भुंगा. प्रक्रिया केलेला माल मागा, तसं बिलावर लिहून घ्या. रंग ब्लॅकबटचा जास्त सुटतो. खाली फरशी असेल तर पहिले काही पाऊस ती लगेच धुवायची. साधे लोखंडी स्क्रू मात्र अजिबात नको, लाकडातल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) भोवती काळे डाग पडतात. स्टेनलेसच.

मेलबर्नकर_मावशी:
देवघराला ब्लॅकवूड! आपल्या बाभळीच्या कुळातलं, पण पॉलिश केल्यावर सोनेरी-तपकिरी दिसतं. कोरीव कामालाही बरं. टास्मानियन ओक स्वस्त पडेल. त्याचा ओकशी काही संबंध नाही, तीन जातींचे निलगिरी त्या एका नावाखाली विकतात. घरात छान, बाहेर ठेवू नका. सिल्की ओक मिळालं तर बघा. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक हाच, मूळचा इथला. जाळीदार नक्षी सुरेख असते. फक्त रंधताना काहींच्या अंगाला खाज सुटते, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा.

रंधा_पटाशी:
एक राहिलंच. वणव्याचा नियम नुसत्या फळ्यांपुरता नाही. डेकचे खांब कशाचे करताय?

धागाकर्ता:
ट्रीटेड (प्रक्रिया केलेल्या) पाइनचे ठरले होते. थांबवतो, आधी सर्टिफायरला (बांधकाम मंजूर करणाऱ्याला) विचारतो.